एका धुतलेल्या स्पंजाची कैफियत

मी एक जुना स्पंज आहे. मित्रांनो, या जगात जे जे नितळ, निर्मळ आणि डोळ्यांना सुखावणारं आहे, ते कोणीतरी मुकाट्याने घाण पोटात घेतं म्हणून तसं आहे. हे वाक्य मी फार दिवस मनात घोळवून तयार केलं आहे. एखाद्या सभागृहाच्या भिंतीवर ते कोरावं, असं मला वाटतं. परंतु मी लांबीला वीतभर आहे, रुंदीला चार बोटं आहे आणि मला मधोमध एक भोक आहे. अशांची वाक्यं भिंतीवर कोरत नाहीत.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जन्म झाला म्हणणं जरा जास्तच होईल, मला कापलं. एका लांबलचक निळ्या गादीचे यंत्राने तुकडे पाडले, त्यातला एक मी. माझ्या भावंडांपैकी काही भांडी घासायला गेली, काही खुर्च्यांत गेली, दोघं बहुधा कुणाचे तरी पडलेले खांदे भरून दिसावेत म्हणून कोटात गेली. माझ्या नशिबी फिल्टर आला. फिल्टर म्हणजे मासे पाळायच्या काचेच्या टाकीत बुडवून ठेवलेलं एक जाळीदार नळकांडं. त्याच्या डोक्यावर छोटी मोटर असते. मोटर पाणी ओढते, पाणी माझ्यातून जातं, कचरा माझ्यात अडकतो आणि पाणी पुढे जाऊन स्वच्छ म्हणून मिरवतं. कामाची वाटणी पहिल्या दिवसापासून अशी स्पष्ट होती.

मला विकत घेणारे गृहस्थ इमारतींचे नकाशे काढत. मी त्यांना मालक म्हणतो. त्यांनी टाकी मांडली ती घर बांधावं तशी. आधी तळाला मातीचा थर, त्यावर बारीक खडे, मागे उंच आणि पुढे उतरते. मग झाडाचं एक वाकडं खोड आणलं. ते पाण्यावर तरंगायचं. म्हणून मालकांनी ते बालदीत भिजत घातलं आणि रोज जाऊन बघू लागले. त्यांच्या पत्नी, चिमाताई, विणकाम करता करता विचारत.

"बुडलं का तुमचं लाकूड?"

"अजून नाही."

"मग बांधा की दगड."

"आपणहून बुडायला हवं. पाणी प्यायलं की बुडेल."

"माणसं पटकन बुडतात हो," चिमाताई म्हणत, "आणि लाकडाची किती मनधरणी!"

शेवटी लाकूड बुडालं. मालकांनी लांब चिमट्याने एकेक रोप खड्यांत खोचलं. मागे लांब पात्यांची, मध्ये रुंद पानांची, पुढे गवतासारखी बुटकी. मग पाणी भरलं, तेही बशीवर धार सोडून, म्हणजे खालची जमीन उखडू नये. दिवा लावला. मोटर सुरू केली. आणि मग मासे न आणता त्या टाकीकडे बघत नुसते बसून राहिले.

शेजारी टाकी पाहायला आले.

"मासे कुठायत?"

"यायचेत."

"मग सध्या काय आहे?"

"पाणी."

शेजाऱ्यांनी मान डोलवली आणि जिना उतरताना एकमेकांना विचारलं, "बरे आहेत ना हे?"

मालक बरे होते. त्या दिवसांत माझ्यात वस्ती होत होती. मित्रांनो, मासे पाण्यातच जेवतात आणि पाण्यातच बाकीचं सगळं उरकतात. त्यातून अमोनिया तयार होतो, आणि तो माशांना विष असतो. हे विष थोडंफार झाडंही शोषतात म्हणे, पण ते खाऊनच जगणारे जिवाणू असतात. त्यांना राहायला अंधारी, बारीक छिद्राछिद्रांची, सतत ओली जागा लागते. थोडक्यात, मी लागतो. ते येऊन स्थिरावण्याआधी मासे सोडले, तर मासे स्वतःच्याच घाणीने मरतात. म्हणून मालक थांबले होते. पाहुणे येणार म्हणून वाट बघणारी माणसं पुष्कळ असतात. जंतू येणार म्हणून दिवा लावून बसलेला गृहस्थ मी हा एकच पाहिला.

मग मासे आले. बोटाच्या पेराएवढे, पोटावर लाल रेघ असलेले, कायम घोळक्याने फिरणारे. झाडं वाढली, पार वर येऊन वाकली. मालक सुट्टीच्या दिवशी कात्रीने त्यांचे शेंडे छाटत आणि तेच शेंडे परत खड्यांत खोचत, त्यामुळे झाडं कमी होण्याऐवजी दरवेळी वाढत. काचेवरचं शेवाळ ते एका जुन्या पट्टीने खरवडत. थोडं पाणी काढत, तेवढंच आदल्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी घालत. घरी येणारा प्रत्येकजण थबकायचा. "काय नितळ पाणी आहे हो!" पाण्याचं कौतुक झालं, झाडांचं झालं, एकदा तर दिव्याचंही झालं. माझा उल्लेख आयुष्यात एकदाच झाला. कुणाच्या तरी लहान मुलीने माझ्याकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "ते काळं काय आहे? शी!"

तोवर मी काळा झालो होतो. अधूनमधून मालक मला बाहेर काढत, टाकीच्याच पाण्यात बुडवून दोनदा हलकेच पिळत आणि परत बसवत.

"अहो, नळाखाली धरा की सरळ," चिमाताई एकदा म्हणाल्या.

"नळाच्या पाण्यात औषध असतं, जंतू मारायचं. हे आपले जंतू पाळीव आहेत."

"पाळीव!" चिमाताई हसल्या. "नावं ठेवा मग एकेकाला."

पुढे मालक आजारी पडले. अंथरुणातून त्यांना टाकी दिसायची, पण हात पोचायचा नाही. ते पडल्या पडल्या सांगत आणि चिमाताई करत. "पिळायचं. धुवायचं नाही." "कळलं हो, मी काय बालवाडीत आहे?" सुरुवातीला त्या मला दोन बोटांनी धरत. नंतर मुठीत धरू लागल्या. एकदा त्यांनी मला बाहेर काढलं आणि कोणीच काही सूचना केली नाही. त्या मला हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मी त्यांच्या साडीवर गळत होतो. तेव्हा मला कळलं की मालक गेले.

चिमाताईंच्या थोरल्या भावाने, दादांनी, त्यांना एकटं राहू दिलं नाही. "चिमे, काही ऐकायचं नाही, सामान भर," एवढंच ते म्हणाले. दोन बॅगा भरल्या. टाकी रिकामी करून रजईत गुंडाळली, खडे डब्यात, मासे झाकणाच्या बालदीत, झाडं ओल्या वर्तमानपत्रात. मी टाकीच्या पाण्यासकट एका पिशवीत, चिमाताईंच्या मांडीवर. टॅक्सीवाल्याने आरशातून संशयाने पाहिलं.

"बाई, त्या पिशवीत काय आहे?"

"घाण आहे," चिमाताई म्हणाल्या. "जपून चालवा."

दादांकडे आमचं स्वागत वहिनींनी केलं. वहिनी म्हणजे दादांची बायको. त्यांनी आपलं काचसामानाचं कपाट आतल्या खोलीत हलवून बैठकीच्या खोलीतली सगळ्यात चांगली जागा टाकीला दिली, हे आधी सांगायला हवं. कारण पुढे मी जे सांगणार आहे त्यावरून तुमचा गैरसमज होईल. वहिनींच्या मनात कोणाबद्दल वाईट नव्हतं. त्यांच्या हातात साबण होता, एवढंच.

वहिनी सगळं धूत. कपडे, भांडी आणि फरशी सगळेच धुतात. वहिनी केरसुणी धूत. साबणाची डबी साबणाने धूत. नवीन बालदी आणली की ती आधी धूत आणि मग तिच्यात जुनी धूत. दादांना ताप आला तेव्हा त्यांनी घरातले सगळे पडदे धुतले; दादांना बढती मिळाली तेव्हाही तेच पडदे धुतले. कुणी प्रेमाने पाठीवरून हात फिरवतं. वहिनी ब्रश फिरवत.

या घराची आणखी एक रीत होती. इथे पहिल्या दोन 'नको'ना कोणी धरत नसे. जेवणारा नको म्हणे, वाढणारा वाढे. जेवणारा नको नको म्हणे, वाढणारा दुप्पट वाढे. तिसऱ्या वेळी पाहुण्याने ताटावर हात आडवा धरला, तर वाढणारा क्षणभर थांबे, पण तेही कोणती बाजू मोकळी आहे ते बघायला. एका नकोवर थांबणं म्हणजे पाहुण्याचा अपमान, अशी वहिनींची प्रामाणिक समजूत होती.

चिमाताईंना तिसरं नको म्हणताच येत नव्हतं. त्या या घरात पाऊल न वाजवता चालत. खुर्चीच्या कडेवर बसत. आपला कप आपण विसळून ठेवत, आणि वहिनी तो पुन्हा विसळत. सगळ्या घरात त्यांची म्हणावी अशी टाकीच काय ती होती. दुपारी जेवणं झाली की त्या टाकीपुढे बसत. मासे घोळक्याने काचेशी येत. चिमाताई त्यांच्याशी बोलत काही नसत, पण त्यांचे खांदे तेवढा वेळ खाली येत.

एके दिवशी वहिनी त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. त्या चिमाताईंना जुन्या पद्धतीने वन्सं म्हणत.

"वन्सं, ते आतलं काळंकुट्ट काय ते मी घासून देते एकदा."

"नको हो वहिनी, राहू दे."

"अहो, त्यात कसले कष्ट? पाच मिनिटांचं काम."

"नको, खरंच. ते तसंच बरं असतं."

"बघा," वहिनी दादांकडे वळल्या, "किती तो संकोच!"

दादा शब्दकोडं सोडवत होते. मान वर न करता ते म्हणाले, "चिमे, संकोच करू नकोस. घर तुझंच आहे."

चिमाताईंनी तोंड उघडलं. तुमची स्वच्छता या माशांना मारेल, हे ज्या बाईने आपलं कपाट हलवून जागा दिली तिला कोणत्या शब्दांत सांगायचं, याचा बहुधा त्या विचार करत असाव्यात. शब्द सापडले नाहीत. त्यांनी तोंड मिटलं. मी पाण्याखाली होतो. मी तोंड उघडलं असतं, पण मला जे एकुलतं एक भोक आहे त्यात नळी बसवलेली होती.

त्यानंतर लवकरच जुनं घर रिकामं करून द्यायचा दिवस आला. चिमाताई आणि दादा सकाळीच गेले. जाताना चिमाताईंचा चेहरा उतरलेला होता आणि तो वहिनींनी पाहिला. दार लागल्यावर त्या थोडा वेळ खोलीत इकडून तिकडे फिरल्या. बिचारीसाठी काहीतरी करायला हवं, असं त्या मोठ्याने म्हणाल्या. मग बाह्या वर सारल्या.

मित्रांनो, पुढचं मी थोडक्यात सांगतो. मला उपसून मोरीत नेलं. गरम पाणी ओतलं, पावडर टाकली, ब्रश चालवला. माझ्यातून काळं पाणी निघत होतं आणि वहिनी दर खेपेला म्हणत होत्या, "बाई बाई बाई, किती साठलंय हे!" साठलं होतं खरंच. वर्षानुवर्षांची नांदती वस्ती होती ती, मालकांनी वाट बघून वसवलेली. मोरीच्या जाळीतून ती एका दमात गेली. मला ओरडता आलं नाही. स्पंज दाबला की जो आवाज येतो तो ओरडण्याचा नसतो. तो फसफसण्याचा असतो, आणि तो ऐकून धुणाऱ्याला हुरूपच येतो.

मग मला दोन चिमटे लावून बाल्कनीत उन्हात टांगलं. वाळल्यावर मी निळा झालो. मी मुळात निळा होतो हे मीसुद्धा विसरलो होतो. वहिनींनी मला परत फिल्टरमध्ये बसवलं, चार पावलं मागे सरकून पाहिलं, आणि त्या जे हसल्या ते इतकं निर्मळ होतं की त्यांच्यावर रागावायचीही सोय उरली नाही.

संध्याकाळी दोघं परतले. वहिनींनी चिमाताईंचा हात धरला. "आधी डोळे मिटा. हं, चला. आता उघडा!"

चिमाताईंनी उघडले. दादा म्हणाले, "अरे वा, नवीन आणला?"

"नवीन कुठला? तोच! बघा तरी, घाणीखाली काय रंग होता!"

चिमाताई माझ्याकडे बघत राहिल्या. जुन्या घराचा निरोप घेऊन आलेली बाई ती. हातातली पिशवीही अजून खाली ठेवली नव्हती.

"छान झालं," त्या म्हणाल्या.

"मी म्हणत नव्हते?" वहिनी दादांना म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी चिमाताईंनी मला काढून हुंगलं. साबणाचा वास येत होता. त्यांनी मला बाल्कनीच्या कठड्यावर ठेवलं आणि फिल्टर तसाच रिकामा चालू केला. पण पाणी हळूहळू पांढुरकं होत गेलं, चमचाभर दूध सांडावं तसं. मासे खालचा घोळका मोडून वर आले आणि पाण्याच्या वरच्या कडेशी तोंडं लावून धापा टाकू लागले. हे मला कठड्यावरून उघड्या दारातून दिसत होतं. चिमाताईंनी त्यांचं खाणं बंद केलं. सकाळ-संध्याकाळ त्या थोडं पाणी काढत आणि आदल्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी ओतत. बालदी उचलताना त्यांचे गुडघे वाजत. वहिनींनी विचारलं तर म्हणत, "काही नाही, हात मोकळे होतात जरा."

वहिनी काही आंधळ्या नव्हत्या. पाणी गढूळ झालेलं त्यांना दिसलं, बालद्या दिसल्या, आणि त्यांनी त्यांच्या परीने निदान केलं. टाकी अजून पुरेशी धुतली गेली नव्हती.

त्या दिवशी बाल्कनीत एक मोठा टब आला. माझ्या शेजारी खरवडायचे ब्रश आले. स्वयंपाकघरात गॅसवर पाण्याचं मोठं पातेलं चढलं.

"वन्सं, आता एकदाच काय ते करून टाकू," वहिनी पदर खोचत म्हणाल्या. "मासे घालू बालदीत. खडे उकळून काढते. झाडं मिठाच्या पाण्यात बुडवली की त्यांचंही निघेल सगळं."

चिमाताई टाकीपुढे उभ्या राहिल्या. "नको वहिनी."

"तुम्ही बसा हो. तुमचे गुडघे आधीच..."

"नको."

"दोघींनी केलं तर जेवणाच्या आत..."

"नको म्हटलं ना!"

दादांच्या हातातली पेन्सिल पडली. गॅसवरचं पाणी तेवढं उकळत राहिलं.

"धुतलं की मरतात ते," चिमाताई म्हणाल्या. "तुम्ही स्पंज धुतलात तेव्हापासून मरायला टेकलेत. ह्यांच्या हातचं एवढं एकच जिवंत उरलंय, वहिनी. आणि मी तुमच्या भिडेपायी तेही घालवायला निघालेय."

वहिनींचा चेहरा पडला. "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं. दोनदा."

"दोनदा?" वहिनी अगदी मनापासून म्हणाल्या. "दोनदा म्हणजे काय सांगणं झालं?"

कोणीच हसलं नाही. वहिनी उपड्या टबावर बसल्या आणि रडू लागल्या. "तुम्ही आल्यापासून काही मागत नाही. नीट जेवत नाही. रडत पण नाही. मी करायचं काय? मला धुण्याशिवाय येतं काय दुसरं?"

चिमाताई त्यांच्याजवळ गेल्या. टबावर एकीपुरतीच जागा होती, म्हणून त्या जमिनीवर बसल्या, आणि मालक गेल्यापासून जे राहिलं होतं ते तिथे झालं. दोघी रडल्या. दादा बराच वेळ दारात उभे होते. शेवटी त्यांनी विचारलं, "गॅस बंद करू का?"

"करा!" दोघी एकदम म्हणाल्या.

त्या संध्याकाळपासून बालद्या वहिनी उचलू लागल्या. चिमाताई सांगतील तेवढंच पाणी काढत, सांगतील तेवढंच घालत. "एवढंच? बाकीचं तसंच घाण ठेवायचं?" त्या विचारत. "तसंच." "कठीण आहे हो," असं म्हणून त्या हात मागे घेत आणि तो दुसऱ्या हाताने धरून ठेवत. रात्री जेवताना चिमाताईंनी एकदा नको म्हटलं आणि वहिनी वाढायच्या थांबल्या. दादांनी घाबरून दोघींकडे पाहिलं.

मी मात्र कठड्यावरच राहिलो. वाऱ्याने एक दिवस मला कुंड्यांच्या मागे ढकललं, तिथून आतलं काही दिसत नाही. बालदीच्या कडीचा आवाज येतो. दोघींचं बोलणं येतं, अर्धवट. मला न्यायला कोणी आलेलं नाही. मी इथे पडल्या पडल्या त्या माशांचा विचार करतो. ज्याच्यात सगळ्यांचा जीव होता तो इथे वाळत पडला आहे, आणि तिकडे एकेकाने मान टाकली असेल, हे मनात येतं. मी काय करू शकतो? मी स्पंज आहे. मी फक्त ओला किंवा कोरडा होऊ शकतो, आणि तेही दुसऱ्याने केलं तर.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला हात जोडून विनंती आहे. हात तुम्हीच माझे समजा. तुमच्या घरी अशी टाकी असेल, तर तिच्यातल्या स्पंजाला नळाखाली धरू नका. साबण लावू नका. उन्हात टांगू नका. त्याला टाकीच्याच पाण्यात हलक्या हाताने पिळा आणि परत जागेवर ठेवा. तो काळा आहे म्हणून त्याची किळस करू नका. त्याच्या काळेपणावर एक अख्खं जग तगून असतं. तो धुतला की वस्ती जाते, आणि वस्ती गेली की टाकीतले सगळे मासे एकामागून एक मरतात. मग कितीही बालद्या ओता, कितीही रडा, काही उपयोग होत नाही.

ता. क. आताच आतून दोघींचं बोलणं ऐकू आलं. आमच्या टाकीतला एकही मासा मेला नाही. झाडं पुष्कळ होती.